वासाचा अर्धा पेला

२ मार्च, रविवार

॥ श्री ॥
हिशेबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरीच राहतात. यंदा ठरवलंय, पुढून भाजीपाला आणि मागून मनातलं. वही एकच, कामं दोन.

नव्या घरी येऊन आठवडा झाला. हृषिकेशला इथल्या खाणीत इंजिनिअरची नोकरी लागली म्हणून सिडनीतला गिरावीनचा फ्लॅट सोडला. गावाचं नाव ऑरेंज, पण संत्र्याचं झाड औषधालाही नाही. सफरचंदं, चेऱ्या आणि द्राक्षं. आमचं घर गावाबाहेर, एका इटालियन म्हाताऱ्याच्या द्राक्षबागेत. समोर बाग, मागे बाग, मधे आम्ही. आणि ही द्राक्षं खायची नव्हेत, दारूची! हे हृषिकेशने मला सगळं सामान लावून झाल्यावर सांगितलं.

"आई, वाइन म्हणजे दारू नव्हे."
"मग काय सरबत?"
"अगं, शेतीच आहे ती."

देव्हारा मी मुद्दाम असा मांडलाय की देवांची पाठ बागेकडे येते. त्यांना उगाच कशाला दाखवायचं.

घरमालकांचं नाव सिल्वानो. पंचाहत्तरी उलटलेली, एकटे, शेजारच्याच घरात राहतात. नात स्पृहा पहिल्याच दिवशी त्यांना नोन्नो म्हणायला लागली. नोन्नो म्हणजे त्यांच्या भाषेत आजोबा. मीही तेच म्हणते, नावाने हाक मारायला जीभ वळत नाही. आमच्या दोघांचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळे छान जमतं. लिहिते मात्र मराठीतच.

सुनेला, चारुताला, धास्ती होती वासांची. गिरावीनला वरच्या मजल्यावरची बाई आमच्या हिंगाच्या फोडणीला दार आपटायची. म्हणून चारुताने आल्या आल्या विचारून टाकलं, आमच्या स्वयंपाकाच्या वासाचा त्रास नाही ना होणार? नोन्नो हसले. "वास? कसला वास? कुक, सिन्योरा, कुक!" सिन्योरा म्हणजे बाई. आज मी लसणीचं तिखट कुटलं, वर हिंगाची फोडणी. ते आमच्या खिडकीखालीच पायरीवर बसले होते, भुवई हलली नाही. देवमाणूस.

८ मार्च, शनिवार

नोन्नोंनी बरणीभर टोमॅटो दिले होते. बरणी रिकामी कशी परत द्यायची, म्हणून मिरचीचं लोणचं घालून स्पृहाबरोबर गेले. त्यांना माझं लोणचं फार आवडतं. नुसतं खातात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि म्हणतात, "हे मला कळतं!"

ते शेडमध्ये होते. ओळीने तीन मोठी लाकडी पिंपं. आत पाऊल टाकलं आणि मला शिंक आली. म्हटलं, "नोन्नो, त्या टोकाच्या पिंपाचं काही खरं नाही. शिरका झाल्यासारखा आंबूस वास येतोय."

त्यांचा हात थांबला. "कुठलं?"

मी बोट दाखवलं. त्यांनी बूच काढलं, नाक खुपसलं, मोठमोठ्याने हुंगलं. मग थेंबभर जिभेवर घेतला आणि तिथल्या पालथ्या बादलीवर मटकन बसले. खरंच व्हिनेगर होत चाललं होतं. पिंप तोंडापर्यंत भरून ठेवावं लागतं म्हणे, नाहीतर आत हवा शिरून घात करते.

"आणि बाकीची दोन?"

ओढणी नाकाला लावून जवळ गेले. "ती बरी आहेत."

"नक्की?"

"नक्की काय नक्की! दूध नासलंय का हे सांगायला ते प्यावं लागतं का?"

घरी येताना स्पृहा म्हणते, "आजी, यू आर लाइक अ स्निफर डॉग!" तिला शुभंकरोति दोनदा म्हणायला लावलं.

११ मार्च, मंगळवार

संध्याकाळी नोन्नो आले. पायरीवर बसून सगळं सांगितलं. नीट लिहून ठेवते, कारण मला रात्रभर विचार करायचाय.

इटलीच्या उत्तरेला डोंगरात त्यांच्या वडिलांची बाग होती. एकच उतार, पांढरट चिकणमातीचा. त्या उताराची वाइन वडील कधी दुसऱ्या कशात मिसळत नसत. म्हणायचे, मिसळलं की मातीच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं होतं. भावाभावांत ती बाग गेली आणि हे एकोणीस वर्षांचे इकडे आले. इथे त्यांनी तीच जात लावली, नेबिओलो. पण ही जमीन जुन्या ज्वालामुखीची, तांबडी. फक्त बागेच्या माथ्यावर एक पट्टा पांढऱ्या, चुनखडीच्या मातीचा. त्याला ते बियांका म्हणतात, म्हणजे पांढरी.

दरवर्षी कंपनीचा ट्रक येतो आणि वरचं-खालचं सगळं एकत्र ओतून नेतो. गेल्या वर्षी मात्र त्यांनी बियांकाची द्राक्षं वेगळी ठेवली. तीन पिंपं झाली. आता दोन.

मुलगी कार्ला सिडनीला असते. तिचं म्हणणं, डॅड, एकटे किती दिवस राहणार, विकून टाका. चेरीवाला गिऱ्हाईक तयारच आहे. दोघांचं असं ठरलंय की जुलैत सिडनीचा एक वाइनचा व्यापारी येईल, बियांकाची चव बघेल. हिला स्वतःचा आवाज आहे आणि मी दरवर्षी घेईन, असं तो म्हणाला तर बाग राहील. नाही म्हणाला तर वसंतात वेली निघतील.

"निघतील म्हणजे?"

"मुळासकट, सिन्योरा."

मग मुद्द्यावर आले. म्हणाले, तुझं नाक चांगलं आहे, पण शिकलेलं नाही. आठवड्यातून एकदा ये, दोन पिंपांचा वास घे, काय येतं ते सांग. मी तुला शिकवीन. "पिऊ नको. ओन्ली नोज."

आता घोळ असा की आमच्या आईची शिकवण, वास घेणं म्हणजे अर्धं जेवण. म्हणून तर हुंगलेलं फूल देवाला वाहायचं नाही. मग वाइन हुंगली तर अर्धी प्यायलीच की!

जेवताना विचारलं. हृषिकेश म्हणाला, "आई, मग सिडनीच्या ट्रेनमध्ये तू अर्ध्या लोकांचा परफ्यूम प्यायलीस." चारुता म्हणाली, "आई, मी लॅबमध्ये रोज काय काय हुंगते ते सांगू का?" नको म्हटलं.

१२ मार्च, बुधवार

ठरलं. अडल्या म्हाताऱ्याला नाही म्हणणं हे पुरं पाप. वास घेणं अर्धं. त्यातल्या त्यात लहान ते पत्करलं. प्रत्येक वेळी एक माळ जप जास्त.

१८ मार्च, मंगळवार

पहिली शिकवणी. शेडचं दार सताड उघडं ठेवायला लावलं आणि स्पृहाला सोबत नेलं, बरं दिसायला हवं.

नोन्नो काचेच्या नळीने पिंपातून थोडी काढतात, पेल्यात फिरवतात, स्वतः खोल श्वास घेऊन हुंगतात, मग पेला माझ्याकडे. "व्हॉट यू स्मेल?" ते काय येतं हे स्वतः आधी कधी सांगत नाहीत. आमचे गणिताचे मास्तर असेच होते, उत्तर आधी मुलांकडून काढून घ्यायचे.

मी म्हटलं, "दारूचा वास येतो."

"बिहाइंड. मागे काय आहे?"

मागे? डोळे मिटले. "जांभूळ... नाही, त्याहून सुकं. आमसूल. आमसूल भिजत घातल्यावर पहिल्या पाण्याला येतो तसा."

आमसूल त्यांना ठाऊक नाही. डब्यातून आणून दाखवलं. त्यांनी नाकाला न लावता थेट तोंडात टाकलं, चघळलं, आणि खूश. "आंबट, कोरडं. येस. येस!"

सगळं ठीक चाललं होतं. मग त्यांनी स्वतः एक घोट घेतला आणि पेल्यातली उरलेली वाइन परत पिंपात ओतायला निघाले! मी जवळजवळ किंचाळलेच. "उष्टं! नोन्नो, उष्टं परत ओततात का कुणी?" त्यांना वाटलं साप निघाला. उष्टं म्हणजे काय हे समजावताना माझं सगळं इंग्रजी संपलं. शेवटी म्हणाले, नो वरीज, आजपासून उष्टं झाडाला. वेलीला घातलं.

मोठं पिंपभर सामान आणि शिस्त म्हणून नाही!

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी बागेकडे तोंड करून उभारली. नाइलाज, दुसरीकडे क्लोथ्सलाइन आहे. कडुनिंबाची सुकी पानं सिडनीच्या हॅरिस पार्कहून आणली होती, त्याची गूळ-चिंच घालून चटणी केली. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. नोन्नोंनी तीन वेळा मागून घेतली. "बिटर! गुड!" असा माणूस मी जन्मात पाहिला नाही.

नंतर मला बाग दाखवायला नेलं. खालची माती तांबडी, मऊ, आमच्या देवरुखची आठवण यावी अशी. वेली दाट, पानांनी माजलेल्या. वर चढत गेलो तसा दगड वाढला आणि एका ओळीनंतर मातीचा रंगच बदलला, पिठासारखा पांढरट. वेली बारीक, घोसही लहान.

नोन्नो म्हणाले, तांबडी माती आईसारखी. मागेल तितकं पाणी देते, खाऊ देते, मग वेल आळशी होते, नुसती पानं वाढवते. पांढरी माती सासूसारखी. काही देत नाही. म्हणून मूळ खाली खाली जातं, दगडात शिरतं, स्वतःचं स्वतः शोधतं. तिची द्राक्षं थोडी पण तीच बोलतात.

चारुता मागून येत होती. तिने असं काही हसू दाबलं!

मी विचारलं, "म्हणजे सासू चांगली की वाईट?"

"वाइनसाठी बेस्ट," नोन्नो म्हणाले. "लंचसाठी ठाऊक नाही."

मग मी विचारलं, जात तीच, माती पांढरीच, तर वडिलांच्या बागेसारखीच वाइन होते का इथे? त्यांनी बुटाने एक पांढरा दगड उलटवला. म्हणाले, तिथे पानं गळायच्या दिवसांत सकाळी धुकं उतरतं, दुपारपर्यंत हलत नाही. द्राक्षं धुक्यात पिकतात. इथे धुकं नाही. दिवसा ऊन लखलखीत आणि रात्री डोंगरावरून गार वारा. तीच का वेगळी, हेच तर मला कळायला हवंय.

म्हटलं, मग घ्या की वास आणि सांगा. तुम्हाला नाही कळणार तर कुणाला?

"गेल्या हिवाळ्यात मोठा फ्लू झाला, सिन्योरा. तेव्हापासून सगळं पुठ्ठ्यासारखं."

बायको जाऊनही त्यांना बरीच वर्षं झाली. एकटेपण हे असंच असतं, हे गेले तेव्हा मलाही सगळं पुठ्ठ्यासारखंच वाटायचं. संध्याकाळी त्यांच्याकडे श्रीखंड पाठवलं.

२२ एप्रिल, मंगळवार

ईस्टर संपला आणि आज बियांकाची तोडणी. पहाटे गवतावर पांढरं हिंव. कापणारी मंडळी गावातली, त्यांत मीही कात्री घेऊन. बोटं गारठली पण मजा आली. पहिला घोस मी न हुंगता, न चाखता देवासाठी बाजूला काढला. द्राक्ष हे फळच आहे, देवाला ते पुढे काय होणार होतं याच्याशी काय?

दहाच्या सुमाराला नोन्नोंना चहा-बिस्किटाचं विचारायला त्यांच्या घरी गेले तर धूर! शेगडीवर दुधाचं पातेलं, दूध आटून करपून कोळसा. आणि हे दोन हातांच्या अंतरावर टेबलाशी बसून हवामानाचं वाचतायत. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. "अहो नोन्नो, घर जळलं असतं!"

दचकले. मग म्हणाले, "हिंव पडणार का ते बघत होतो. लक्ष नव्हतं."

तोडणीच्या दिवशी जीव कसा थाऱ्यावर राहील! पातेलं मी घासून दिलं, राखेने. अर्धा तास गेला.

८ जून, रविवार

आज मन खट्टू आहे.

गेल्या वर्षीच्या त्या दोन पिंपांचीच परीक्षा आहे, म्हणून हल्ली त्यांचाच वास घेतो. कालपर्यंत आमसूल, नवा माठ, भिजवलेला चुना असं काय काय सांगितलं होतं. खालच्या तांबड्या मातीची वाइनही त्यांनी बाटलीत ठेवलीय, ती शेजारी धरून हुंगते. ती गोड, जांभळासारखी, पहिल्यांदा छान वाटते आणि लगेच विरते. चारचौघांत पटकन बोलून गप्प बसणाऱ्या बाईसारखी. वरची आधी गप्प असते, मग बोलते आणि बोलतच राहते.

आज मात्र वरचीत वेगळंच आलं. सांगू की नको झालं. नोन्नो म्हणाले, "टेल."

"रागावू नका. डांबर येतंय. भर उन्हात रस्त्यावर ओततात ना, ते."

ते जवळ सरकले. "अँड?"

"आणि गुलाब. पण ताजा नाही. देवाला काल वाहिलेला, आज उतरवलेला. निर्माल्याच्या टोपलीतला."

नोन्नोंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. हातातला पेला नाकाशी नेला, कितीतरी वेळ तसाच धरून उभे, आणि काहीतरी इटालियनमध्ये पुटपुटले. फक्त 'पापा' तेवढं कळलं. मग पेला माझ्या हातात देऊन बाहेर निघून गेले.

मेली माझी जीभ. म्हाताऱ्याच्या जिवापाड जपलेल्या वाइनला डांबर म्हणाले! आणि वर शिळी फुलं. खोटं बोलता आलं असतं. पण शिकवणीत खोटं उत्तर कसं द्यायचं?

दोन माळा जास्त जपल्या.

९ जून, सोमवार

सुट्टी आहे. दाराशी टोपलीभर लिंबं ठेवलेली सापडली, वर चिठ्ठी, थँक्यू, सिन्योरा. माझं मन राखायला. फार सभ्य माणूस.

२४ जुलै, गुरुवार, दीप अमावस्या

उद्या व्यापारी येणार. आज सकाळी सगळे दिवे घासले, मांडले, पूजा केली. कणकेचे दिवे उकडले. मग मनात आलं, शेडमध्ये वर्षभराचा काळोख, कोळिष्टकं, त्यात उद्या परीक्षा. तिथेही एक दिवा नको का? नोन्नो गावात गेले होते. दिवा लावला, आणि लावलाच आहे तर म्हणून धुपाटण्यात निखारा घालून ऊद आणि भरपूर कापूर. दारं लावून घेतली, धूर कानाकोपऱ्यात पोचावा म्हणून. प्रत्येक पिंपाला ओवाळलं. इतकं प्रसन्न वाटलं!

दुपारी नोन्नो आले, शेडमध्ये फेरी मारून आले, म्हणाले, "पर्फेक्ट, सिन्योरा. एव्हरीथिंग पर्फेक्ट." मला धन्य वाटलं.

संध्याकाळी कार्ला सिडनीहून आली. चाळिशीची, उंच, वडिलांचंच नाक. शेडमध्ये शिरली आणि खोकत बाहेर आली. "ओ माय गॉड! डॅड, व्हॉट इज दॅट स्मेल?"

"व्हॉट स्मेल?" नोन्नो म्हणाले.

कार्ला त्यांच्याकडे बघत राहिली. मग ते घाईघाईने म्हणाले, "आह, येस. दॅट. सिन्योराचा धूप. नाइस."

माझी बाजू अशी सांभाळून घेतली त्यांनी. पण कार्लाने मला बाजूला घेऊन समजावलं की व्यापारी आधी नाकानेच बघतो, घोट नंतर. शेडमध्ये कापूर भरलेला असेल तर त्याला वाइनऐवजी देऊळ येईल. माझ्या पायांखालची जमीन सरकली. पांढरी, तांबडी, सगळी.

"पिंपात तर नाही ना गेलं?"

"बुचं घट्ट आहेत. पण हवा..."

दारं-खिडक्या सताड उघडून, टेबलफॅन लावून ठेवलाय. आत्ता जाऊन आले. कापूर हलत नाही. देवाचं काम केलं आणि म्हाताऱ्याची बाग घालवली. चारुता म्हणते, "आई, झोपा." झोप कुठली.

२५ जुलै, शुक्रवार, श्रावणाचा पहिला दिवस

पहाटे जिवतीचा कागद भिंतीला लावला, स्पृहाला ओवाळलं, आणि शेडकडे धावले. कापूर तसाच. बाहेर गवतावर हिंव, ऊन कोवळं.

व्यापारी आला. ग्रेअम नाव, लाल गाल, गळ्यात मफलर. शेडच्या दाराशीच थांबून नाक उडवलं. "बिट चर्ची इन हिअर, मेट."

कार्लाचा चेहरा पडला. नोन्नो नुसतेच उभे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "घरात जागा नसली तर आमच्याकडे पंगत अंगणात बसते."

कुणाला कळलं नाही. मग मी कार्लाला ओढूनच सांगितलं, वाइन सुरईत घ्या आणि वर चला, बियांकात. तिथे कुठला कापूर?

चौघे चढून गेलो. वेली उघड्या, नुसत्या काड्या. वारा असा की कान दुखावेत. ग्रेअमचे चांगले बूट पांढऱ्या चिखलात रुतले, तो काहीतरी पुटपुटला, ते स्पृहा शाळेत असल्यामुळे बरं झालं. कार्लाने दोन पेले भरले, एकात खालची तांबडी, दुसऱ्यात ही.

त्याने खालची हुंगली, एक घोट घेतला, थुंकला. "यप. नाइस."

मग दुसरी. हुंगली. परत हुंगली. पेला उन्हाकडे धरला. मी मनात रामरक्षा सुरू केली.

शेवटी त्याने नोन्नोंना विचारलं, "तुम्हाला काय मिळतं हिच्यात, मेट?"

नोन्नोंनी पेला घेतला. खोल श्वास घेतला, डोळे मिटले. मग बोलायला लागले. "डांबर. उन्हाळ्यातला रस्ता. आणि गुलाब, आजचा नाही, कालचा, देवाच्या डोक्यावरून उतरवलेला. मागे नवा मातीचा घडा, पहिल्यांदा पाणी भरतात तेव्हाचा. आणि सगळ्यांत शेवटी आमसूल."

माझेच शब्द! एकही इकडचा तिकडे नाही. गुरू असावा तर असा, शिष्येने सांगितलेलं लक्षात ठेवणारा.

ग्रेअम वहीत लिहून घेत होता. "आम्सूल. म्हणजे तुमच्याकडची जुनी बोली?"

"व्हेरी ओल्ड," नोन्नो म्हणाले.

मी ओढणीत हसले. कार्ला हसत नव्हती. ती वडिलांकडे बघत होती आणि मग माझ्याकडे.

ग्रेअम खाली वाकला, पांढरं ढेकूळ उचललं, त्यावर पेल्यातले थेंब पाडले, हुंगलं. मातीचे हात मफलरला पुसले. मग म्हणाला, "दोन्ही पिंपं घेतो. पुढच्या वर्षीचीही, त्याच्या पुढचीही. फक्त तो ट्रक या पट्ट्याजवळ फिरकू देऊ नका."

नोन्नोंनी माझे दोन्ही हात धरले. मी चारी दिशांना बघून घेतलं, पण धरू दिले.

श्रावणाच्या पहिल्या दिवशी कांदा-लसूण वर्ज्य आणि मी वाइनच्या मागे डोंगरावर. देव समजून घेईल. धूप त्यानेच घालायला लावला होता.

२७ जुलै, रविवार

कार्ला आज गेली. जाताना वडिलांशी बराच वेळ बोलली. दार बंद होतं, पण दोघांचे डोळे सुजलेले दिसले. बाग राहणार, ते नक्की झालं. आनंदाचंच रडणं असणार.

मग माझ्या स्वयंपाकघरात आली. "डॅड तुम्हाला कधीपासून विचारतात? काय वास येतो ते?"

"मार्चपासून. शिकवणी आहे माझी."

"आणि तुम्ही सांगता?"

"नाकात येतं ते सांगते. मार्क काही देत नाहीत."

तिने मला मिठीच मारली. फोडणी जळायच्या बेताला आली होती. म्हणाली, "प्लीज, सांगत राहा त्यांना. सगळं. इव्हन द मिल्क."

दुधाचं काय ते कळलं नाही. हे लोक शब्द कुठून कुठे जोडतील कुणास ठाऊक. जाण्याआधी तिने नोन्नोंच्या स्वयंपाकघरात छताला आणि गॅसपाशी शिट्टी वाजणारी यंत्रं लावून घेतली. यंत्रांची हौस दांडगी. मी आहेच की शेजारी.

१६ ऑगस्ट, शनिवार, गोपाळकाला

पोहे, दही, लाह्या, काकडी, डाळिंब, लोणचं, सगळं एकत्र कालवून काला केला. नोन्नोंना बोलावलं. ते वाटी घेऊन पायरीवर बसले आणि दुसऱ्या हातात एक धुळकट बाटली.

वडिलांच्या बागेची शेवटची बाटली. त्यांच्या पेटीतून आलेली, इतकी वर्षं उघडलेली नव्हती.

"आज कशाला?" मी म्हटलं. "श्रावण आहे माझा."

"यू नो ड्रिंक. ओन्ली नोज. फायनल एग्झाम."

बूच निघताना अर्धं तुटलं. दोन पेले भरले, एक तिकडची, एक बियांकाची. पेले माझ्याकडे सरकवले. हृषिकेश, चारुता, स्पृहा सगळे बघत उभे. मॅट्रिकच्या तोंडी परीक्षेला इतकी धडधडले नव्हते.

डोळे मिटले. आधी इथली. डांबर, निर्माल्य, नवा घडा. ओळखीची. मग तिकडची. आधी काहीच नाही, नुसतं जुनं कपाट. वाट बघितली. मग हळूहळू तेच डांबर, तोच गुलाब, पण ओलसर. पहाटे चूल पेटवली की धूर वर न जाता अंगणातच बसून राहतो, तसा मागे एक गारवा. धुकंच ते. नोन्नोंनी सांगितलेलं.

"सेम?" त्यांनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं त्यांना. पण परीक्षा ती परीक्षा. "नाही. सख्खे भाऊ आहेत, पण एकसारखे नाहीत. हा आजोळी धुक्यात वाढला, शांत, हळू बोलतो. हा इथे उन्हात आणि वाऱ्यात. मोकळा आहे, जरा धसमुसळा. पण रक्त तेच. मी अंधारातही सांगेन, एकाच आईचे."

नोन्नो हसायला लागले. हसताना डोळे पुसत होते. मग त्यांनी पेला उचलला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अगेन. हळू हळू सांग." मी परत पहिल्यापासून सांगायला लागले, डांबर, गुलाब, धूर, धुकं, आणि माझ्या एकेका शब्दाबरोबर ते एकेक घोट घेत होते. असा परीक्षक मी पाहिला नाही. उत्तर चालू असताना स्वतःच पेपर पितो.

संपल्यावर विचारलं, "किती मार्क?"

"नेक्स्ट इयर," म्हणाले. "अजून शिकायचं आहे."

म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा शिकवणी. असू दे. बाग आहे तोवर शिकू.

रात्री जप करताना हिशेब जुळवला. वास घेणं म्हणजे अर्धं जेवण. त्या पेल्यातलं वासाचं अर्धं मी घेतलं, घोटाचं अर्धं त्यांनी. दोघांत मिळून एक पेला झाला. म्हणजे पाप असेल तर तेही निम्मंच माझ्या नावावर. एक माळ पुरे.